खुलासा: नॅसच्या (नेटवर्कवर डेटा साठवणाऱ्या यंत्राच्या) डिस्क दुसऱ्या कंपनीच्या नॅसमध्ये थेट घालू नका

‘सिनॉलॉजीच्या डिस्क क्यूनॅपमध्ये घाला, डेटा जसाच्या तसा दिसेल’ हा मेसेज चुकीचा आहे. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या दोन कंपन्या. दोन्हींच्या यंत्रांच्या मुळाशी लिनक्स हीच ऑपरेटिंग सिस्टिम, गैरसमज बहुधा तिथूनच. पण डिस्कवरची व्हॉल्यूमची (डेटा साठवण्याच्या जागेची) मांडणी वेगळी. नवं यंत्र डिस्क इनिशियलाइझ (पुसून नव्याने तयार) करायला सांगतं. ‘होय’ दाबलं की डेटा गेला.

सिनॉलॉजीतून सिनॉलॉजीत मात्र बहुतेक मॉडेल्समध्ये डिस्क हलवता येतात, हे कंपनीच्या मदतपानांवरच आहे: आधी बॅकअप, दोन्ही यंत्रं बंद, सगळ्या डिस्क त्याच क्रमाने.

कंपनीच बदलायची तर नव्या यंत्रात वेगळ्या डिस्क घालून नेटवर्कवरून आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने डेटा कॉपी करा. सिनॉलॉजीचं यंत्रच बंद पडलं असेल, तर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलेल्या संगणकाला सगळ्या डिस्क जोडून डेटा वाचता येतो. तीही पद्धत कंपनीनेच दिली आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.