मधुमेहाची जखम: ‘एकच डॉक्टर पुरतो’ या फॉरवर्डला उत्तर

आठवडाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. परवा तर ड्रेसिंग रूममध्ये एका पेशंटच्या मुलीनेच मोबाइल पुढे केला, ‘सिस्टर, हे खरं आहे का हो?’ मेसेज थोडक्यात असा:

‘शुगरवाल्यांनो, सावध! पायाला जखम झाली की पाच-पाच डॉक्टरांकडे फिरवतात, सगळा कमिशनचा धंदा. जखम कातडीची, एक चांगला सर्जन पुरतो. भारी मलम आणि स्ट्राँग अँटिबायोटिक घ्या. जखम उघडी ठेवा, वाळू द्या. दुखत नसेल तर चालत राहा, रक्त फिरतं. टीम वगैरे परदेशी फॅड आहे, फायदा कुठेच सिद्ध झालेला नाही. फारच झालं तर बोट काढा, विषय संपला.’

मी 19 वर्षं जखमा बांधते आहे, त्यातही जास्त करून मधुमेहाचे पाय. या मेसेजवर विसंबून कुणाचा तरी पाय जाऊ शकतो, म्हणून एकेक ओळ घेऊन उत्तर देते.

‘जखम कातडीची, एक सर्जन पुरतो.’

रिक्षा चालवणारे एक काका आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या अंगठ्याखालच्या जखमेला तीन महिने झाले होते. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तीन ठिकाणचे कागद होते. ड्रेसिंग तिन्ही ठिकाणी व्यवस्थित झालेलं होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी त्यांना चप्पल काढायला सांगितली आणि आत हात फिरवला. नेमकं अंगठ्याखाली एका खिळ्याचं टोक वर आलं होतं. काका रोज जखम बांधून घेत होते आणि त्याच खिळ्यावर पाय ठेवून घरी जात होते. त्यांना ते कळलं नाही, कारण पाय बधिर होता. डोळे मिटायला सांगून आम्ही तळव्याला नायलॉनचा एक तंतू टेकवतो. तो वाकला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. काकांच्या पायावर तो दहापैकी आठ ठिकाणी वाकला आणि काका ‘लावा की सिस्टर’ म्हणत तसेच बसून राहिले.

म्हणजे मूळ दुखणं मज्जातंतूंचं होतं. चप्पल हे जखमेचं निमित्त, आणि साखर तीनशेच्या घरात असल्यामुळे ती भरत नव्हती. पुढे डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, केल्यावर कळलं की पोटरीखाली रक्तही कमी पोचत होतं. इथे नुसता दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून भागत नाही. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कॅल्शियममुळे कडक होतात, मग घोट्याचा आकडा चांगला दिसतो आणि फसवतो. अंगठ्याचा दाब पाहावा लागतो.

आता यातलं सर्जनने एकट्याने काय करायचं? मेलेलं मांस काढणं, पू मोकळा करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांच्याइतकं चांगलं कुणी करत नाही. पण रक्त पोचत नसलेल्या पायावर पू नसताना चाकू चालवला, तर जखम मोठीच होते. तिथे आधी व्हॅस्क्युलर सर्जनने, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनने, रक्ताची वाट मोकळी करायची आणि मग मेलेला भाग काढायचा. उलट पू भरला असेल तर थांबायला वेळ नसतो, त्याच दिवशी तो काढायचा आणि रक्तवाहिन्यांचं लगोलग नंतर बघायचं. आधी काय आणि नंतर काय, यावर पाय राहतो की जातो ते ठरतं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जो डाय टोचतात, त्याने किडनीला त्रास होऊ शकतो. त्यामुळे किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर फिजिशियनला विचारल्याशिवाय तीही करता येत नाही. अँटिबायोटिकचा डोससुद्धा किडनी बघूनच ठरतो.

आहाराचंही असंच. ‘शुगर आहे’ म्हणून घरचे पेशंटला अर्धी भाकरी आणि पालेभाजीवर ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, दूध वाढवा असं मी सांगते, पण किडनी अधू असेल तर किती वाढवायचं हे आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी मिळून सांगायचं असतं. यात शोभेला आणलेला माणूस मला तरी एकही दिसत नाही.

‘भारी मलम आणि स्ट्राँग अँटिबायोटिक.’

जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. लाली, सूज, गरमपणा, पू, वास यातलं काही नसताना दिलेल्या गोळ्यांनी जखम लवकर भरत नाही, जंतू मात्र निबर होतात. आणि संसर्ग खरंच असेल, तर जखमेच्या वरवरचा स्वॅब घेऊन भागत नाही. जखम साफ करून खोलवरचा तुकडा लॅबला पाठवावा लागतो, मग मायक्रोबायोलॉजिस्ट नेमकं औषध सुचवतात. जखमेत घातलेली सळई टणक हाडाला लागली, तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा संशय धरायचा. मग एक्स-रे, कधी एमआरआय, आणि आठवडेच्या आठवडे चालणारे उपचार. हे मलमाच्या हाताबाहेरचं आहे.

‘उघडी ठेवा, वाळू द्या.’

जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या कातडीवरच्या जखमांवर काम करून दाखवलं की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. आजची निम्मी ड्रेसिंग्ज त्यातूनच आली आहेत. अपवाद एकच लक्षात ठेवा: रक्त न पोचल्यामुळे काळं पडून वाळलेलं बोट ओलं करायचं नाही, कोरडंच ठेवायचं. पाय यातल्या कुठल्या प्रकारचा आहे हे घरी बसून ठरवू नका.

‘दुखत नसेल तर चालत राहा.’

या ओळीचा मला सगळ्यात राग येतो. दुखत नाही, हीच तर धोक्याची खूण आहे. तुमच्या-माझ्या पायात खडा गेला तर आपण लंगडतो, थांबतो, खडा काढतो. बधिर पायाचा माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले लोक दर उन्हाळ्यात येतात. ‘पाय गार पडलेत’ म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकून फोड आलेले हिवाळ्यात येतात. एकालाही भाजल्याचं कळलेलं नसतं.

बधिर पायाची जखम भरायची तर तिच्यावरचा भार काढावा लागतो, आणि हे ज्ञान परदेशातून आयात केलेलं नाही. पॉल ब्रँड हे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. बधिर हातापायांना पुन्हापुन्हा इजा होते आणि ती कळत नाही, हे खरं कारण त्यांनी उलगडून दाखवलं. तळव्याच्या जखमांना मग प्लास्टर घालायला लागले. पायाच्या आकाराबरहुकूम गुडघ्याखालपर्यंत घातलेलं प्लास्टर चवड्यावरचा भार पोटरीपर्यंत वाटून टाकतं, आणि जखम त्याच्या आत भरत जाते. आज मधुमेहाच्या पायाला आपण तेच घालतो, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात त्याला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही चवड्याखालच्या अशा जखमेला पेशंटला काढता येणार नाही असंच साधन आधी सुचवलं आहे. कारण साधं आहे. काढता येणारे बूट दिलेल्या पेशंटांवर पावलं मोजणारी यंत्रं लावून पाहिलं, तेव्हा एकूण हालचालीपैकी जेमतेम 28 टक्के वेळा बूट पायात होते.

पण हेच प्लास्टर रक्त कमी पोचणाऱ्या किंवा पू झालेल्या पायाला घातलं तर घात होतो. म्हणजे प्लास्टर घालणाऱ्याला आधी रक्तवाहिन्या बघणाऱ्याचं मत हवं. फिजिओथेरपिस्टही हवेत, कारण टाचेची शीर आखडली असेल तर चवड्यावर जास्त भार येतो, शिवाय वॉकर घेऊन तोल सांभाळायला कुणीतरी शिकवावं लागतं. आणि प्लास्टर उतरल्यावर चप्पल बनवणारे कारागीर हवेत. आमच्याकडे जे कारागीर एमसीआरच्या, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराच्या, चपला बनवतात, ते पायाचा ठसा घेऊन जखमेच्या जागी सोल आतून कोरतात. त्यांच्या हातातलं हे काम कुठल्याच डॉक्टरला येत नाही.

‘फायदा कुठेच सिद्ध झालेला नाही.’

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मधुमेही पायांचा स्वतंत्र दवाखाना सुरू झाला. तिथे फिजिशियन, सर्जन, नर्स, पायाची निगा राखणारे आणि बूट बसवणारे एकत्र बसत. मोठ्या शस्त्रक्रियेने पाय कापण्याचं प्रमाण काही वर्षांत निम्म्यावर आलं. इंग्लंडमधल्याच इप्सविचमध्ये टीमने काम करत 11 वर्षं नोंदी ठेवल्या. दर 10,000 मधुमेहींमागे घोट्याच्या वरून पाय कापावा लागण्याचं प्रमाण 36.4 वरून 6.7 वर आलं. 2020 मध्ये अशा 33 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात 94 टक्के अभ्यासांत हे प्रमाण घटलेलं दिसलं. हे बहुतेक अभ्यास ‘आधी आणि नंतर’ अशा तुलनेचे आहेत, आणि त्या काळात इतर उपचारही सुधारले, ही त्यांची मर्यादा मला मान्य आहे. तरी इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी आकडे एकाच दिशेला जातात, तेव्हा ‘कुठेच सिद्ध नाही’ म्हणणं खोटं आहे.

‘कमिशनचा धंदा.’

मेसेजची ही पहिली ओळ मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती पूर्ण खोटी नाही. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं, आपल्याकडे आहे. ती नसती तर महाराष्ट्र सरकारला 2017 मध्ये तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायची वेळ आली नसती. एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी, प्रत्येक ठिकाणी नवी फी, तीच तपासणी पुन्हा, आणि कुणाचं कुणाशी बोलणं नाही, हे लोक सोसतात आणि चिडतात. त्यांचं चिडणं रास्तच आहे.

पण याला टीम म्हणत नाहीत, याला फिरवणं म्हणतात. टीममध्ये पेशंटची फाइल एकच असते. कोण कशासाठी बघणार आणि कुणाच्या आधी, हे ठरलेलं असतं, आणि सगळ्याचा पाठपुरावा करणारा एक माणूस नेमलेला असतो. बऱ्याचदा ती नर्सच असते. जखमेची लांबी-रुंदी मोजून, फोटो काढून चार आठवड्यांत ती निम्म्याने कमी झाली का, हे मी बघते. झाली नसेल तर सर्वांना फोन करते. यातल्या कित्येकांना पेशंटला भेटावंही लागत नाही, फोटो आणि रिपोर्ट बघून ते मत देतात. पाच जणांची एक खोली तालुक्याच्या गावी नसेल, पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांचे तज्ज्ञ, तर देशातच मोजके आहेत, तरी फोन सगळ्यांकडे आहे. तुम्हाला दुसरीकडे पाठवलं तर सरळ विचारा, ‘डॉक्टर, तिथे नेमकं काय ठरवायचं आहे? आणि त्यांचं उत्तर तुमच्याकडे येणार का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

‘बोट काढा, विषय संपला.’

कधीकधी बोट काढावंच लागतं, आणि वेळेवर काढल्याने पाय वाचतो. विषय मात्र तिथे संपत नाही. अंगठा गेला की चालताना त्याच्या वाटचा भार शेजारच्या हाडांवर जातो आणि तिथे नवी जखम तयार होते. बोट शाबूत राहून जखम भरली, तरी साधारण 40 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते.

रिक्षावाल्या काकांचा अंगठा निम्मा काढावा लागला. त्याआधी अँजिओप्लास्टी करून रक्त खाली आणलं होतं, म्हणून टाके धरले. प्लास्टर नऊ आठवडे होतं. परवा ते दाखवायला आले, जखमेच्या जागी स्वच्छ गुलाबी कातडी होती. पण शेजारच्या बोटाखाली घट्टा धरायला लागला होता. मी तो सोलला, फोटो काढून फिजिओथेरपिस्टना पाठवला, चप्पल त्या जागी पुन्हा कोरायला कारागिरांकडे दिली, आणि काकांना पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली.