आधी सांग, कोणाचं सरकार?

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश माझ्या फोंड्याच्या तीन ग्रुपांवर फिरत आला. महाजनांच्या, भजनी मंडळाच्या आणि कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या. त्यात म्हटलंय: शेजारी देशांबद्दल आपलं मत देशप्रेमातून बनतं, पक्षातून नाही, खऱ्या देशभक्त पक्षाने कधी इंचभर जमीन सोडली नाही, बोलणी करा म्हणणारा दुबळा, आणि गोवा सीमेपासून लांब, आमचा त्यात संबंध काय?

जमिनीपासून सुरू करतो, कारण तिथे कागद आहेत. बांगलादेशाशी सीमा करार झाला १९७४ साली, इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांच्यात. डिसेंबर २०१३ मध्ये काँग्रेस सरकारने त्यासाठी घटनादुरुस्ती राज्यसभेत आणली, तेव्हा भाजप, आसाम गण परिषद आणि तृणमूल विरोधात उभे ठाकले. मे २०१५ मध्ये तीच दुरुस्ती भाजप सरकारने मांडली आणि दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही. त्यांच्या हद्दीत अडकलेल्या आपल्या १११ वस्त्या तिकडे गेल्या, आपल्या हद्दीतल्या त्यांच्या ५१ इकडे आल्या. क्षेत्रफळ आपल्याच पदरी कमी पडलं. माझं विचाराल तर करार चांगलाच होता. त्या वस्त्यांतल्या माणसांना तोवर ना हा देश विचारत होता ना तो. पण २०१३ मधल्या विरोधानंतर २०१५ मध्ये नकाशा तसूभर बदलला नव्हता. बदलली होती ती खुर्ची.

बोलण्यांचंही तेच. जुलै २००९ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखला पाकिस्तानसोबत काढलेल्या संयुक्त निवेदनावरून भाजपने मनमोहन सिंगांना धारेवर धरलं. २५ डिसेंबर २०१५ रोजी मोदी लाहोरला उतरले, तेव्हा टीका करायची पाळी काँग्रेसची. बस घेऊन लाहोरला गेलेले वाजपेयी दुबळे होते, असं मात्र या ग्रुपांवर कोणी लिहीत नाही.

संदेशातलं थोडं खरंही आहे. कारगिलनंतर, मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर लोक चिडले ते पक्ष बघून नव्हे. २२ फेब्रुवारी १९९४ चा काश्मीरविषयक ठराव संसदेने एकमताने केला, तेव्हा सरकार नरसिंह रावांचं होतं आणि विरोधी बाकांवर वाजपेयी. असं एकमत होतं कधीकधी. ते नेहमीच असतं, हे म्हणणं खोटं.

आणि गोव्याचा संबंध काय? कराचीत गोंयकारांच्या पिढ्या गेल्या, तो विषय मोठा आहे, सोडून देतो. मे २०२३ मध्ये बिलावल भुट्टो बाणावलीला येऊन गेले. पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री भारतात येण्याला जवळजवळ १२ वर्षं लोटली होती. त्याहून जवळचं सांगायचं तर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (निशाणी फूल) की वेगळा ठेवायचा (निशाणी दोन पानं). शेजारी देश नव्हे, शेजारचं राज्य. पण माणूस ‘फूल’वाला की ‘दोन पानां’वाला एवढं कळलं की महाराष्ट्राबद्दल तो काय बोलणार हेही कळायचं. आमच्या घरी फूल. ३४,०२१ मतांनी हरलो. पुढे विलीनीकरणवाला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, १९७९ पर्यंत सत्तेत राहिला, विलीनीकरण मागे पडलं, आणि आजोबांच्या बोलण्यातूनही ते गेलं. त्यांना कोणी पटवून दिलं नव्हतं.

परवा वरच्या बाजारातल्या चहाच्या हॉटेलात मी एक खोडी केली. संदेशाचे कट्टर समर्थक असलेल्या निवृत्त मास्तरांना नावं गाळून वाचून दाखवलं: पंतप्रधान अचानक पाकिस्तानात उतरले, तिथल्या पंतप्रधानांच्या वाढदिवशी त्यांच्या घरी गेले.

“लज ना?” मास्तर म्हणाले. “तो मनमोहन काय?”

मोदी, म्हटलं. त्यांनी पाव मोडून भाजीत बुडवला, सावकाश खाल्ला.

“तें वेगळें.”

शेजारच्या टेबलावरचा बसमालक खो खो हसला, तो काँग्रेसवाला. मी म्हटलं, आता तुला एक वाचतो, ऐक. दोन देशांचे पंतप्रधान परक्या शहरात भेटले, आणि निवेदनात...

“राव रे,” त्याने मला थांबवलं. “आदीं सांग, सरकार कोणाचें?”