लांबून काढायचा ना!

परवा एका वेबसाइटने माझा चेहरा दोनदा नाकारला. पहिल्यांदा लाल अक्षरांत 'फाइल फार मोठी आहे'. किती मोठी चालेल, ते गुपित. फोटो मोबाइलवरचा, 4000 बाय 3000, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल, आणि लागणार कुठे, तर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत. मी मुकाट्याने 400 बाय 300 केला. 22 केबी. परत लाल अक्षरं: 'फाइल फार लहान आहे.'

हे आधी सांगायला काय झालं होतं?

तेवढ्यात मागून काकांचा आवाज. चष्मा कपाळावर, नाक माझ्या स्क्रीनला टेकायच्या बेतात.

"काय चाललंय?"

"फोटो लहान करतेय, काका."

"मग लांबून काढायचा ना!"

मला वाटलं, थट्टा करतायत. वळून चेहरा बघितला. नव्हते करत.

"अहो काका, फाइल लहान हवीय. मी नाही."

"तू लहान झालीस की फाइल होईलच. माणूस कमी, वजन कमी."

मी समजावलं, की जवळून काढा नाहीतर गच्चीवरून, कॅमेरा पिक्सेल तेवढेच भरतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, विमावाल्याचं ऐकतात तसं. मग म्हणाले, "ते असू दे. चल बाहेर, प्रयोग करू." मी गेले. का गेले, हे अजून कळलेलं नाही. मला वेलीपुढे उभं करून काका उलटे चालत पार फाटकापर्यंत गेले आणि मोबाइल उभा धरून त्यांनी फोटो काढला. आधीचा फोटो 4 एमबीचा होता, हा भरला साडेसहा.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच व्याख्यान झोडलं. जेपेग म्हणजे फोटोची फाइल लहान करायची 1992 सालची युक्ती. फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला कळणार नाही असा बारीकसारीक तपशील टाकून द्यायचा. साधी भिंत असली की चौकोन स्वस्तात सुटतात. वेलीवर पान न् पान वेगळं, तिथे जागा खर्च होते.

"म्हणजे पानांचं वजन पडलं," काका म्हणाले.

चीड याची, की हे जवळजवळ बरोबर होतं.

"मग पानं काढ."

मला पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. पुन्हा लांबून. 1.9 एमबी. काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढे तो फोटो मीच 800 बाय 600 केला, क्वालिटी 75 वर ठेवली, 60 केबीवर आणला, आणि वेबसाइटने तो घेतला. पण घरभर बातमी काय, तर काकांनी लांबून काढला म्हणून गेला.

गेला, पण आडवा. मोबाइल उभा धरला तरी कित्येकदा फोटो आत आडवाच साठवला जातो. सोबत 'दाखवताना वळवा' एवढी चिठ्ठी असते. माझ्या प्रोग्रामने चिठ्ठी इमानदारीत पुढे दिली, वेबसाइटने ती वाचलीच नाही. आणि गंमत म्हणजे फोटो वळवणं, लहान करणं, ही कामं तिथलं मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत करू शकतं. करत नाही. त्यांचे चार ओळींचे कष्ट वाचावेत म्हणून माझी अख्खी सकाळ गेली. वर सूचना काय, तर '300 डीपीआय असावा'. एका इंचात किती ठिपके, हा आकडा छपाईसाठी, स्क्रीनला त्याचं काडीचं सोयरसुतक नाही! पण ते कुणाला सांगणार?

तर आता त्या चौकटीत एक पांढरी भिंत आहे आणि तिच्या मधोमध मुंगीएवढी मी, कुशीवर झोपलेली. बदलायला गेले तर 'फोटो एकदाच देता येतो'.

काकांनी मान डावीकडे कलती करून बराच वेळ बघितलं. "छान आलीयेस," म्हणाले. "पण अजून थोडं लांबून चाललं असतं."