ही नदी नाहीच

बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर सध्या माझा एक स्टिकर फिरतोय. डोक्यावर वाकडं झालेलं हेल्मेट, तोंड उघडं, आणि दोन जणं लाइफ जॅकेटच्या पट्ट्या धरून मला पोत्यासारखं राफ्टमध्ये ओढतायत. परवा मेहुण्याने तो स्वतःच्या कारच्या हप्त्याच्या मेसेजखाली टाकला. लोकांनी हसून घेतलं, मीही अंगठा दिला, काय करणार.

त्या राफ्टिंगच्या आदल्या दिवशी अंधारबनचा ट्रेक केला होता. पिंप्रीहून निघायचं, कुंडलिकेच्या दरीच्या काठाकाठाने हिर्डी, आणि तिथून खाली भिऱ्याला, साधारण 13 किलोमीटर. दरी अफाट आहे, पलीकडचे कडे बघताना बोलायचंच विसरतो माणूस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार शेवटच्या उतरणीबद्दल आहे, कारण त्यानंतर मांड्यांनी माझ्याशी संबंध तोडले. मी घरी निघायच्या बेतात होतो, तर मेहुणा म्हणाला एवढं आलोच आहोत तर कोलाडला राफ्टिंग करून जाऊ.

सकाळी 7 वाजता आम्ही त्याच कुंडलिका नदीवर. आधीच्या कुणीतरी घातलेलं, न वाळलेलं, आंबूस वासाचं लाइफ जॅकेट, हेल्मेट, हातात वल्हं, सगळं चढवून उभे. समोर नुसते दगड आणि मधून एक केविलवाणी धार.

"पाणी नाय सुटलं अजून," गाइड म्हणाला आणि चहाला गेला.

तिथे काका भेटले. वय सत्तरीच्या आसपास, कानटोपी, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. ते राफ्टमध्ये बसणार नव्हते, मुलगा-सुनेला पोचवायला आले होते, आणि आल्यापासून लोकांचे मोबाइल, चपला, गाडीच्या चाव्या आपणहून सांभाळायला घेत होते. गळ्यात चार मोबाइल लटकलेले.

"नदी बघताय?" त्यांनी विचारलं.

"हो, पाण्याची वाट बघतोय."

"ही नदी नाहीच."

मी गप्प. असल्या वाक्याला काय म्हणायचं असतं?

"हे पाणी मुळेचं आहे. मुळशीला अडवलंय. तिथनं खरं तर पुण्याला जायचं, मुळा-मुठा, भीमा, कृष्णा, थेट बंगालच्या उपसागरात. यांनी काय केलं, बोगद्यातून वळवलं आणि घाटावरून 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. 1927 पासून चालू आहे टाटांचं. आता ते चाललंय रेवदंड्याला, अरबी समुद्रात. तुम्ही पुण्याचे ना?"

"हो."

"मग तुमचंच पाणी. पैसे किती दिले?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो मोठ्याने पुन्हा उच्चारला, बाजूच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

"पोहता येतं?"

"येतं की."

"कुठे शिकलात?"

"टिळक टँक."

"टँक?" ते थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं. "मग येत नाही."

आता मी लहानपणी अख्ख्या सुट्ट्या तिथे काढल्यात, पाठीवर तरंगत झोपू शकतो, पण हे सगळं या माणसाला कशाला सांगायचं म्हणून मी दगडांकडे बघत बसलो. तर ते म्हणाले, "वजन?"

"का?"

"बॅलन्सला लागतं." आणि मी सांगायच्या आत माझ्या पोटाकडे बघून त्यांनी स्वतःच ठरवलं, गाइडला हाक मारली, "ए बाळा, या टिळक टँकना मागे उजवीकडे घे, पुढे घेतलंस तर नाक खाली जाईल." आणि तो पोरगा, जो माझं एक वाक्य ऐकत नव्हता, 'हो काका' म्हणाला! मी पैसे भरलेला माणूस, आणि जागा ठरवतंय कोण, तर चपला सांभाळणारे काका.

9 वाजता पाणी आलं. तेही बघण्यासारखं असतं, आधी आवाज, मग दगड एकेक करून दिसेनासे होतात. वर वीजघर चालू झालं, मग रवाळजेच्या धरणातून पाणी सुटलं, की खाली आम्ही साहसी लोक. म्हणजे हे रॅपिड, हा खळाळता प्रवाह, निसर्गाने नव्हे, मुंबईच्या विजेच्या मागणीने ठरवलेलं. मुळशीच्या त्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी आणि मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, 'जमीन देणार नाही' म्हणून, आणि ती जमीन गेलीच. त्या पाण्यावर मी हेल्मेट घालून 'हे हे' ओरडायला आलो होतो, हा विचार मला काठावर उभा असताना आला, आणि आत बसल्यावर तो टिकला नाही, कारण गाइड 'फॉरवर्ड, फॉरवर्ड' करत होता आणि मागे उजवीकडे पाय अडकवायला काही नव्हतं.

पहिल्याच रॅपिडला पाण्यात गेलो. टँक-बिंक काही नाही, पाणी नाकातून मेंदूपर्यंत. वर आलो तेव्हा काठावरून एकच आवाज ऐकू येत होता.

ते सगळं बायकोच्या मोबाइलवर आहे, कारण तिने तो काकांना दिला होता, शिवाय पासवर्डही. व्हिडिओत मी जेमतेम 4 सेकंद दिसतो. बाकी सगळा वेळ काकांचा अंगठा आणि कॉमेंट्री. "हे बघा, हे बघा... टिळक टँक गेले!"

त्यांनी तो तिथूनच तिच्या माहेरच्या ग्रुपवर पाठवला. ग्रुप कसा सापडला विचारलं तर म्हणाले, सगळ्यात वर होता.

बाकी कंपनीने आमचे अधिकृत फोटो काढले त्याचे वेगळे पैसे घेतले, आणि त्या प्रत्येक फोटोत माझ्या तोंडासमोर मेहुण्याचं वल्हं आहे. कपडे बदलायला पत्र्याची एक खोली, दाराला कडी नाही, बाहेर रांग. पोह्यांत शेंगदाणे कच्चे. तक्रार केली तर पोरगा म्हणाला, "सर, रिव्ह्यू फाइव्ह स्टार द्या ना."

काकांनी नंबर घेतलाय. काल मेसेज आला, पुढच्या महिन्यात भीमाशंकरला जातोय, येता का, तिथे पोहायचं काही नाही.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. बायकोने दिलंय.