क्षसमोरचा आकडा म्हणजे चढ नव्हे

‘समांतर रेषा ओळखा दहा सेकंदांत’ अशा मथळ्याचे संदेश विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या गटांत फिरत असतात. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा: क्षसमोरचा आकडा म्हणजे रेषेचा चढ (रेषा किती तिरपी आहे ते). दोन समीकरणांत तो सारखा असेल तर रेषा समांतर, वेगळा असेल तर छेदणाऱ्या. आडव्या आणि उभ्या रेषांचा चढ शून्य. चढ सारखा आला की समीकरणांना उत्तर नाही. शंका वाटली तर आलेख काढून डोळ्यांनी खात्री करा.

यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

‘क्षसमोरचा आकडा म्हणजे चढ.’ समीकरण य = मक्ष + क या रूपात असेल (म आणि क हे आकडे), म्हणजे डाव्या बाजूला एकटा य असेल, तर हे बरोबर आहे. युक्ती जन्मली ती इथेच. पण ही अट संदेशातून गळून गेली, आणि अटीशिवाय युक्ती सरळ चुकीचं उत्तर देते. य = ३क्ष + १ आणि ३क्ष + य = ७ ही जोडी घ्या. दोन्हीकडे क्षसमोर ३ आहे. दुसऱ्या समीकरणात य एकटा केला की य = −३क्ष + ७ मिळतं. एक रेषा चढते, दुसरी उतरते, आणि दोघी (१, ४) या बिंदूत छेदतात.

दुसरी जोडी: २क्ष + ३य = ६ आणि २क्ष + ५य = १. क्षचे सहगुणक, म्हणजे क्षसमोरचे आकडे, सारखे, तरी चढ −२/३ आणि −२/५. छेदनबिंदू (६.७५, −२.५). आता उलट बाजू पाहा. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = ५ यांत क्षसमोरचे आकडे वेगळे, पण दोन्हींचा चढ −२/३च आहे आणि रेषा कधीच भेटत नाहीत. म्हणजे युक्ती समांतर नसलेल्यांना समांतर ठरवते आणि खरोखर समांतर असलेल्यांना नापास करते.

कारण एवढंच की चढ हे गुणोत्तर आहे. क्ष एकाने वाढला की य कितीने बदलतो, ते चढ सांगतो. अ·क्ष + ब·य = क या रूपात (अ, ब, क हे आकडे) तो −अ/ब असतो, तेव्हा ‘ब’कडे न बघता त्याबद्दल काही बोलताच येत नाही.

आणि चढ सारखे असले की रेषा का भेटत नाहीत, हे तर असे संदेश सांगतच नाहीत. खरं म्हणजे सांगण्यासारखं तेच आहे. य = २क्ष + ३ आणि य = २क्ष − ४ घ्या. क्ष ० असताना य आहेत ३ आणि −४. क्ष १० असताना २३ आणि १६. क्ष १००० असताना २००३ आणि १९९६. फरक दरवेळी ७. दोघी एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे अंतर मिटायला वावच नाही. (हे ७ उभं मोजलेलं अंतर आहे, रेषांमधलं लंबांतर, म्हणजे काटकोनात मोजलेलं अंतर, ७/√५, म्हणजे सुमारे ३.१३. परीक्षेत या दोहोंची गल्लत हमखास होते.)

‘आडव्या आणि उभ्या रेषांचा चढ शून्य.’ अर्धं खरं. य = ३ या आडव्या रेषेवर य बदलतच नाही, म्हणून चढ शून्य. क्ष = ३ या उभ्या रेषेवर (३, १) आणि (३, ५) हे बिंदू घेतले तर ४ला शून्याने भागावं लागतं, आणि तो भागाकार होत नाही. इथे चढ ठरवता येत नाही. दोन्हींचा चढ शून्य धरला, तर संदेशाच्याच नियमाने य = ३ आणि क्ष = ३ समांतर ठरतील; त्या तर (३, ३)मध्ये काटकोनात छेदतात!

‘मग अनंत म्हणा’ हेही चालत नाही. रेषा एका बाजूने उभी होत गेली तर चढ १०, १००, १००० असा वाढतो; दुसऱ्या बाजूने तीच उभी होताना −१०, −१००, −१००० असा जातो. धन अनंत की ऋण, कोण ठरवणार?

तरीही क्ष = ३ आणि क्ष = ५ समांतर आहेतच. ‘समांतर म्हणजे समान चढ’ हे वाक्य फक्त उभ्या नसलेल्या रेषांसाठी आहे. सगळ्यांना लागू पडणारी कसोटी हवी असेल तर भागाकार टाळा: पहिल्या समीकरणाचा अ गुणिले दुसऱ्याचा ब, आणि दुसऱ्याचा अ गुणिले पहिल्याचा ब. गुणाकार सारखे आले तर दिशा एक. क्ष = ३ आणि क्ष = ५ यांत दोन्ही गुणाकार शून्य, म्हणजे जुळले. यालाही दहा सेकंदच लागतात.

‘चढ सारखा की उत्तर नाही.’ क्ष + २य = ४ आणि ३क्ष + ६य = १२ यांचे चढ सारखे आहेत, पण ती एकच रेषा आहे आणि उत्तरं अगणित. १२च्या जागी १० लिहा, मग उत्तर नाही. स्थिरपद, म्हणजे क्ष-य नसलेला एकटा आकडा, पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही. युक्लिडच्या व्याख्येत समांतर रेषा म्हणजे एकाच प्रतलातल्या, कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या. त्या हिशेबाने रेषा स्वतःला समांतर नसते. पुढच्या गणितात सोयीसाठी पुष्कळदा तसं मानतात, पण उत्तरांची संख्या त्याने बदलत नाही.

‘डोळ्यांनी खात्री करा.’ य = २क्ष आणि य = २.०१क्ष − ४ यांचा आलेख काढून पाहा. नेहमीच्या आलेखाच्या कागदावर त्या समांतरच वाटतील. भेटतात (४००, ८००)मध्ये, कागदाच्या कितीतरी बाहेर. चित्र अंदाजासाठी ठीक, निर्णयासाठी नाही.

यावर कुणीतरी हमखास जोडतं की दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं हवं, नाहीतर समांतर रेषा समांतर दिसणार नाहीत. असं होत नाही. य-अक्ष दाबला तर कागदावरचे सगळे चढ एकाच पटीत बदलतात, म्हणून सारखे ते सारखेच राहतात. बिघडतो तो काटकोन. २ आणि −१/२ चढांच्या रेषा परस्परांना लंब असतात, कारण गुणाकार −१ आहे. य-अक्ष निम्म्यावर आणला की कागदावर ते १ आणि −१/४ होतात, गुणाकार −१/४, आणि लंब रेषा लंब दिसत नाहीत.