गिअरबॉक्स उतरवण्याआधी ईसीयू उघडा

जुन्या जपानी गाड्या हौसेनं बाळगणाऱ्यांत सध्या एक मजकूर फिरतोय. आखातातल्या मराठी मित्रांकडून तो मलाही आला. सारांश असा: 'जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली की गिअरबॉक्स संपला समजा. ईसीयू (इंजिन आणि गिअर सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) बिघडला असता तर गाडी सुरूच झाली नसती. कोड (ईसीयूनं नोंदवलेला बिघाडाचा आकडा) येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत आहे. कपॅसिटर (बोर्डावरचा, वीजपुरवठा स्थिर ठेवणारा भाग) गेला की फुगतो, फुगला नसेल तर चांगला. फारच शंका असेल तर भंगारातून दुसरा ईसीयू आणून लावा.'

हे पाचही दावे टिकत नाहीत. आणि त्यांच्यापायी धडधाकट गिअरबॉक्स खोलले जातात, म्हणून हे लिहितोय.

उदाहरणाला एकच गाडी घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. लेक्सस एलएस ४००ची पहिली पिढी, १९८९ ते १९९४. जपानात हीच टोयोटा सेल्सिअर. चार लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ए३४१ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअर दोन्ही सांभाळणारा ईसीयू एकच, ग्लव्ह बॉक्सच्या मागे बसवलेला. त्या काळच्या टोयोटा-लेक्ससच्या ईसीयूमधले कपॅसिटर गळतात, हे या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

झटका म्हणजे गिअरबॉक्स संपला, हा पहिला दावा. या गिअरबॉक्समध्ये कोणता गिअर पडणार हे दोन सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपा) ठरवतात, तिसरा सोलेनॉइड लॉकअपचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जखडण्याचा, आणि चौथा सोलेनॉइड कोणताही गिअर पडतानाचा दाब मऊ करतो. चौघांनाही हुकूम ईसीयूचा. ईसीयू गाडीचा वेग आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडलाय हे बघून निर्णय घेतो. थ्रॉटलच्या सेन्सरला पाच व्होल्ट पुरवतो तोही ईसीयूच. तो पुरवठा डळमळला की वाचन चुकतं, आणि गिअर भलत्या वेळी किंवा भलत्या दाबानं पडतो. क्लचप्लेट कोऱ्या असल्या तरी झटका बसणारच.

मग दोष कुणाचा हे कसं ओळखायचं? त्यासाठी टोयोटानंच एक चाचणी दिलेली आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. गाडी बंद करून गिअरबॉक्सवरचा सोलेनॉइडचा कनेक्टर काढायचा. आता ईसीयूचा गिअरबॉक्सवर काही अंमल राहिला नाही. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायची. लिव्हर 'एल'वर असेल तर पहिला गिअर, '२'वर तिसरा, 'डी'वर थेट चौथा मिळाला पाहिजे. 'डी'मध्ये गाडी जड उठेल, ते बरोबरच आहे, कारण ती चौथ्यात उठतेय. हे तिन्ही गिअर आणि रिव्हर्स घट्ट लागले, कुठे घसरले नाहीत, तर आतला यांत्रिक भाग बहुतेक शाबूत आहे आणि शोध वायरिंग, सोलेनॉइड नि ईसीयूकडे वळवायचा. उलट याही अवस्थेत गिअर घसरला, तेल काळं पडून जळका वास येत असेल, तर ईसीयूला दोष देऊ नका, दुखणं गिअरबॉक्सचंच आहे. (कनेक्टर काढल्यामुळे कोड साठतात, ते नंतर पुसायला विसरू नका.) थ्रॉटलची केबलही याच वेळी बघून घ्या. ती गिअरबॉक्समधला दाब ठरवते. जास्त ताणलेली असेल तर गिअर दणकन पडतात.

गाडी सुरू होते म्हणजे ईसीयू चांगला, हा दुसरा दावा थोडक्यात संपतो. बोर्डावर प्रत्येक कामाचा भाग निराळा असतो. प्रोसेसर आणि इग्निशन व्यवस्थित चालू असताना सोलेनॉइड चालवणारा भाग आजारी असू शकतो. कपॅसिटर तर एका दिवसात मरत नाही, वर्षानुवर्षं खंगत जातो, आणि त्या काळात गाडी रोज सुरू होत असते.

कोडचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण इथे अनुभवी मेकॅनिकही फसतात. या गाड्यांना आजचा साधा स्कॅनर जोडताच येत नाही. डायग्नोस्टिक कनेक्टरमधल्या टीई१ आणि ई१ या दोन पिना वायरीनं जोडायच्या, इग्निशन ऑन करायचं, आणि डॅशबोर्डवरचा 'ओ/डी ऑफ'चा (ओव्हरड्राइव्ह बंद असल्याचा) दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. सहा वेळा, थोडं थांबून दोन वेळा, म्हणजे ६२: पहिला सोलेनॉइड. ६३ दुसरा, ६४ लॉकअपचा. हे कोड येतात ते सोलेनॉइडचं सर्किट तुटल्याचं किंवा शॉर्ट झाल्याचं ईसीयूला दिसलं तरच. कपॅसिटर सुकल्यामुळे पुरवठ्यात आलेली लहर ईसीयूला स्वतःला दिसत नाही. ज्या पुरवठ्यावर तो स्वतः उभा आहे, त्याचीच पारख तो कशी करणार? आणि ६२ आला म्हणून लगेच सोलेनॉइडही मागवू नका. कनेक्टरवर रोध मोजा. पहिल्या दोघांचा आणि लॉकअपचा ११ ते १५ ओहम आला, वायरही ईसीयूपर्यंत सलग निघाली, तर संशय ईसीयूच्या आतच येतो.

फुगलेला कपॅसिटर लोकांच्या डोक्यात बसलाय तो २०००च्या दशकातल्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डमुळे. इथला रोग निराळा आहे. इथे कपॅसिटरचा माथा सपाट, चकचकीत राहतो आणि रसायन बुडाच्या रबरी बुचातून झिरपतं. वरून बघितलं तर सगळं नवंकोरं. बोर्ड तिरपा धरून उजेडात कपॅसिटरच्या पायांशी बघा: वार्निश तपकिरी किंवा निस्तेज पडलेलं, सोल्डरची चमक गेलेली, तांब्याची रेघ हिरवट. सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर मासळीसारखा वास आला तर गळती नक्की. नुसती कपॅसिटी मोजून भागत नाही, ती बरी असूनही ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढलेला असू शकतो, म्हणून ईएसआर मीटर हवाच. थंडीत ईएसआर आणखी वाढतो. त्यामुळे सकाळी झटके आणि केबिन तापल्यावर गाडी सुरळीत, हे लक्षण दिसलं तर तेलासोबत कपॅसिटरचाही विचार करा.

दुरुस्ती करताना नुसता कपॅसिटर बदलून बोर्ड बंद करू नका. सांडलेलं रसायन तांबं खात राहतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा घासून पुसा, कपॅसिटरखालच्या रेघांची सलगता मीटरनं तपासा, खाल्लेली रेघ वायरीनं जोडा. नवा कपॅसिटर १०५ अंशांचा, मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्टेज तितकं किंवा थोडं जास्त, आणि ऋण बाजूची पट्टी बघून.

राहिला भंगारातला ईसीयू. तोही त्याच वर्षांतला, त्याच कपॅसिटरांचा. या प्रकारचे बरेच कपॅसिटर १०५ अंशांवर एक-दोन हजार तासांच्या आयुष्याच्या हिशेबानं बनवलेले असतात. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. तीस वर्षांत त्या दुसऱ्या गाडीनं किती उन्हाळे उघड्यावर काढले, हे विकणाराही सांगू शकत नाही. पार्ट नंबर जुळवून घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण गाडीत लावण्याआधी झाकण काढून त्याचेही कपॅसिटर बदला.