'ची'साठी दार उघडा

घराला दार कशासाठी असतं, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, माणसांनी ये-जा करावी म्हणून. इथेच तुमचं चुकतं, आणि म्हणूनच तुमचं गृहकर्ज अजून फिटलेलं नाही. फेंगशुई, म्हणजे चिन्यांचं वास्तुशास्त्र, सांगतं की दार असतं 'ची' आत यावी म्हणून. ची म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. मराठी माणसाला ती समजायला जड जाऊ नये, शाळेत आपण ती षष्ठीच्या प्रत्ययात घोकलेली आहे : चा, ची, चे. दाराची, घराची, शेजाऱ्याची. कुणाला तरी चिकटल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. ती शेजाऱ्याला न चिकटता आपल्याला चिकटावी, एवढंच बघायचं.

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ची वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, हे सूत्र चौथ्या शतकातल्या ग्वो पू या पंडिताच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथातलं. तो ग्रंथ पूर्वजांना पुरायचं कुठे, याविषयी आहे. थडग्याची जागा निवडायची विद्या टू-बीएचकेला कशी लागू पडणार, असं एखादा आगाऊ भाचा विचारील. त्याला फ्लॅटचा कार्पेट एरिया सांगा. गप्प बसेल.

सुरुवात दिशेपासून. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून दारात उभे राहा. वास्तुवाल्यांना दक्षिणेचं दार चालत नाही, ती यमाची दिशा. चिन्यांना नेमकी तीच आवडते. त्यांचा सम्राटसुद्धा दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. उत्तरेकडून हाडं गोठवणारा वारा आणि दक्षिणेकडून हिवाळ्यातलं ऊन येणाऱ्या मुलखात कुणालाही तेच सुचेल. आपल्या पॅसेजमध्ये उत्तरेकडून फक्त समोरच्यांच्या फोडणीचा वास येतो, पण तपशिलात शिरायचं नाही. नियम सोपा आहे : दार पूर्वेला किंवा उत्तरेला निघालं तर तुम्ही वास्तुशास्त्र मानता, दक्षिणेला निघालं तर फेंगशुई. दक्षिणमुखी म्हणून बिल्डरकडून भाव पाडून घ्यावा आणि ताबा मिळाल्या दिवशी चिनी व्हावं.

अगदीच अडलं तर दार फिरवता येतं का पाहा. २००५ साली उघडलेल्या हाँगकाँगच्या डिस्नेलँडचं प्रवेशद्वार फेंगशुईच्या सल्ल्याने १२ अंशांनी फिरवलेलं आहे. स्टेशनकडून येणाऱ्या वाटेलाही मुद्दाम वळण दिलंय, ची सरळ बाहेर निघून जाऊ नये म्हणून. तुम्हाला १२ अंशांसाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, आणि सभेला कोरम कधी होत नाही. त्यापेक्षा पायपुसणं १२ अंशांनी तिरकं टाका. येणारा अडखळेल, पण ची वळण घेईल.

मग खरेदी. लाफिंग बुद्ध स्वतः विकत घ्यायचा नसतो, तो भेट म्हणून यावा लागतो. तेव्हा वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी मेहुण्याला त्या दुकानासमोरून दोनदा फिरवून आणा. हा हसरा इसम गौतम बुद्ध नव्हे. चीनमध्ये दहाव्या शतकाच्या सुमारास बुदाई नावाचा भटका भिक्षू होऊन गेला, त्याची ही मूर्ती. बुदाई म्हणजे कापडी झोळी. उघड्या पोटाने, झोळी खांद्यावर टाकून दारोदार फिरणारा माणूस. असा कुणी सोसायटीच्या गेटवर खरोखर आला तर वॉचमन काय करील ते तुम्हाला ठाऊक आहे. रेझिनचा असला की मात्र त्याला मानाचा कोनाडा.

तीन पायांचा बेडूक ठेवाल तर त्याचं नाणं धरलेलं तोंड घराच्या आत हवं. आमच्या विंगमधल्या एका घरी कामाच्या मावशी रोज पुसून तो उलटा ठेवायच्या. त्या महिन्यात त्या घरातला गीझर आणि आजोबांची कवळी दोन्ही गेलं. लकी बांबूही आणा. तो बांबू नसतो, आफ्रिकेतलं ड्रॅसीना असतं. विद्या चीनची, रोप आफ्रिकेचं, कुंडी तुळशीबागेतली, हरकत नाही. विंड चाइमला बंद पॅसेजमध्ये वारा मिळत नाही, तो कुणी दार आपटून गेलं की वाजतो. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर ची दिवसभर खेळती राहील.

हे सगळं चिनी आहे म्हणून मन खात असेल, तर जून २०२० आठवा. सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर चिनी मालाच्या बहिष्काराची शपथ झाली. बावन्न जणांनी अंगठे दाखवले. लाल फितीत ओवलेली तीन नाणी एकाही दारावरून उतरली नाहीत. लक्ष्मीकडे पासपोर्ट मागायचा नसतो.

आता खरं हत्यार : बागुआ आरसा. अष्टकोनी, भोवती तीन-तीन रेघांची आठ चिन्हं, दाराबाहेर चौकटीवर लावायचा. समोरून येणारी वाईट शक्ती तो आल्या पावली परत पाठवतो. समोर म्हणजे पाच फुटांवर, जिथे दुसऱ्यांचं दार आहे. आमच्या मजल्यावर आधी ३०३ने लावला. आठ दिवसांत ३०४च्या काकूंची पाठ धरली. त्यांनी दोन इंच मोठा लावला. ३०३ने बहिर्गोल आणला, तो जास्त जोरात परतवतो. काकूंनी अंतर्गोल आणला, तो आलेलं गिळून टाकतो म्हणे. मधल्या काळात दोन्ही आरसे समोरासमोर असताना ती वाईट शक्ती नक्की कुठे राहत होती, हे कुणी विचारलं नाही. ३०२चे काका लिफ्टमधून बाहेर पडले की अजून वाकून चालतात. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. पूर्वी संकष्टीला मोदकांचे डबे जायचे-यायचे, त्या वाटे कितीतरी ची बाहेर पडत असणार.

यात लाजण्यासारखं काही नाही, मोठी माणसंही हेच करतात. हाँगकाँगमध्ये आय. एम. पेई यांनी रचलेला बँक ऑफ चायनाचा मनोरा १९९० साली खुला झाला. त्याच्या धारदार कडा सुरीच्या पात्यासारख्या आसपासच्या इमारतींवर रोखल्या आहेत, अशी ओरड झाली. मग म्हणे जवळच्या एचएसबीसीने आपल्या गच्चीवरच्या तोफेसारख्या दिसणाऱ्या क्रेन मनोऱ्याच्या रोखाने वळवल्या. दोन्ही बँका आजही व्यवस्थित चालू आहेत. म्हणजे दोघांचाही उपाय लागू पडला.

दारात चपला नकोत, ची त्यांना अडखळते. एके काळी दारातला चपलांचा ढीग बघून लोक विचारायचे, काय कार्य आहे का घरात? आता तो धोका राहिलेला नाही. सेफ्टी डोअर, त्यावर कॅमेरा, 'विक्रेत्यांना सक्त मनाई'ची पाटी, आणि पायपुसण्यावर वेलकम, असा क्रम ठेवा. गावाहून मावसभाऊ नव्या तांदळाची पिशवी घेऊन आला तर वॉचमन ॲपवर परवानगी मागेल. पाच मिनिटं थांबू द्या. त्याच्या अंगावरची एसटीची ची तेवढ्यात उतरते.

शेवटी पाणी. दाराशी लहानसं विजेवरचं कारंजं हवंच, आणि धार घराच्या दिशेने पडायला हवी. मे महिन्यात टँकर दोन दिवसांआड आला तरी ते बंद करू नका, पिंपातलं पाणी घाला. एखाद्या दुपारी दोन वाजता पार्सल घेऊन एक पोरगा येईल. शर्ट पाठीला चिकटलेला, हेल्मेट काखेत. ओटीपी लिहून घेताना त्याची नजर कारंज्याकडे जाईल आणि तो म्हणेल, "काका, जरा पाणी मिळेल का?"

अशा वेळी गडबडून दार सताड उघडू नका. ते पाणी पिण्याचं नाही, असं फटीतूनच नीट सांगा. आणि जाताना सामानाच्या लिफ्टने जायचं असतं, तेही.